तळे कोणाचे, मासा कोणाचा?



वसंतातील व्याख्यानमालेत राजे, संत आणि लढाया यांना पहिला मान मिळतो, आणि तो रास्तच आहे. माझा विषय त्या मानाने फार लहान आहे. एक लहानसे तळे, त्याला मिळणारा ओढा आणि त्या पाण्यात जगणारा मासा, एवढेच माझे भांडवल. मी विद्यापीठाचा माणूस नव्हे. कामगार संघटनेचे काम करण्यात माझे आयुष्य गेले, आणि जो काही इतिहास वाचला तो सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर, दिवसाचे काम आटोपल्यावर. त्यामुळे कोणताही इतिहास वाचताना माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा की, हे काम प्रत्यक्ष केले कोणी, आणि त्याच्या पदरात पडले काय? आज तोच प्रश्न मी तळ्याला विचारणार आहे.

आपल्या जिल्ह्यात सिंदखेडराजाला मोती तलाव आहे. जाधवरावांच्या वैभवकाळाची ती खूण. त्याचा दगडी बांध आजही येणाऱ्याजाणाऱ्याची नजर धरून ठेवतो. १५९८ साली याच गावी जिजाबाईंचा जन्म झाला, आणि १६२९ साली लखुजी जाधवराव देवगिरीच्या किल्ल्यात निजामशाहीच्या दरबारी दग्याने मारले गेले, हे आपल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण बांध घालणारा गेला तरी बांध उरतो. मग त्याचा गाळ कोण काढतो, त्याला मिळणारा ओढा कोण मोकळा ठेवतो, त्यातला मासा कोण धरतो आणि कोण खातो, हे बखरीत सापडत नाही. तळे बांधणे हे दोनचार वर्षांचे काम आहे. ते राखणे हे तीनचारशे वर्षांचे. पहिल्या कामाला शिलालेख मिळतो, दुसऱ्याला हजेरीपुस्तकसुद्धा नसते.

राखणदारीची परीक्षा घेण्यासाठी मी माशाला साक्षीदार म्हणून बोलावतो. पाणी वरून निर्मळ दिसते की गढूळ, हे आपण डोळ्यांनी सांगू. पण त्याच्या पोटात काय बिघडले आहे ते माशाला आपल्या आधी कळते. आणि या साक्षीत सर्वांत चोखंदळ मासा म्हणजे ट्राउट. हा मासा आपल्याकडचा नव्हे. तो युरोप-अमेरिकेतल्या थंड पाण्याचा. वऱ्हाडच्या तळ्यात सोडला तर एक उन्हाळा काढणार नाही. तरीही सुरुवात त्याच्यापासून करतो, कारण लहान तळे आणि त्याचा ओढा यांचे नाते त्याच्याइतके स्पष्ट दुसरा कोणी सांगत नाही.

ट्राउटला थंड पाणी लागते याचे कारण नुसते सवयीचे नाही. पाणी जितके गार, तितका त्यात प्राणवायू अधिक मावतो. दहा अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो; तेच पाणी तीस अंशांवर गेले की साडेसात मिलिग्रॅमच उरतो. उलट पाणी तापले की माशाच्या अंगाची प्राणवायूची भूक वाढते. म्हणजे मिळकत कमी आणि खर्च जास्त, अशी त्याची ओढाताण होते. म्हणून ट्राउट राखणारे लोक आधी ओढ्याच्या काठची झाडे राखतात. सावली गेली की पाणी तापते, आणि मुळे गेली की काठ ढासळतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. तळ्यात राहणारा तपकिरी ट्राउट अंडी घालायला तळ्यात थांबत नाही. तो ओढ्यात वर चढतो. वाहत्या पाण्याखाली स्वच्छ खडी असेल तेथे मादी शेपटीने खळगा करते, त्यात अंडी सोडते आणि पुन्हा खडीने ती झाकते. थंडीच्या दिवसांत ती अंडी दोनदोन, अडीचअडीच महिने तशीच खडीखाली असतात. त्या खडीच्या फटींतून गार पाणी खेळत राहिले पाहिजे. वरच्या शेतातून किंवा तोडलेल्या रानातून माती वाहून आली, फटी बुजल्या, की अंडी गुदमरून मरतात. तळे वरून आरशासारखे दिसत असते, पण त्याची पुढची पिढी ओढ्यात गाडली गेलेली असते. तात्पर्य, तळ्याचे आरोग्य तळ्यात ठरत नाही. ते ओढ्यात ठरते, आणि ओढ्याचे आरोग्य ओढ्याच्या काठी राहणाऱ्या माणसांवर ठरते.

या माशाला हिंदुस्थानात आणण्याचा खटाटोप एकोणिसाव्या शतकात सुरू झाला. डोंगरी ठाण्यांवर राहणाऱ्या इंग्रज साहेबांना मायदेशासारखी गळाची शिकार हवी होती. फ्रान्सिस डे हा लष्करी डॉक्टर आणि मत्स्यशास्त्रज्ञ. त्याने १८६० नंतरच्या दशकात निलगिरीत ट्राउट आणण्याचा प्रयत्न केला तो फसला. लांबचा समुद्रप्रवास आणि उष्ण कटिबंधाचा ताप अंड्यांना सोसेना. याच सुमारास, १८६४ साली, इंग्लंडहून टास्मानियाला मात्र अंडी जिवंत पोचली. ओल्या शेवाळात गुंडाळून, पेट्यांत भरून, जहाजाच्या पोटात बर्फाच्या राशीखाली ती ठेवली होती. काश्मीरच्या वाट्याला यश यायला आणखी छत्तीस वर्षे लागली. बेडफर्डच्या ड्यूकने पाठवलेली पहिली खेप १८९९ साली वाटेतच नासली. पुढच्या वर्षीची खेप श्रीनगरला पोचली. गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या फ्रँक मिचेल नावाच्या गृहस्थाने ती जगवली, आणि श्रीनगरजवळ हरवन येथे उबवण केंद्र उभे राहिले.

हरवनच्या वरचे खोरे म्हणजे दाचीगाम. या नावाचा अर्थच दहा गावे. महाराजा प्रतापसिंहांच्या कारकिर्दीत, १९१० साली, श्रीनगरला पिण्याचे शुद्ध पाणी मिळावे म्हणून हे खोरे राखीव झाले आणि तेथली गावे उठवली गेली. पाणी निर्मळ राहिले. शहराला पाणी मिळाले, ट्राउटला ओढा मिळाला, आणि परवाना काढून गळ टाकणाऱ्या साहेबांना शिकार मिळाली. ओढा राखला की मासा जगतो, हे काश्मीरने निर्विवाद सिद्ध केले. पण माझ्यासारख्या माणसाला हिशेबाची दुसरी बाजूही वाचावी लागते. तेथे राखणदार पगारी होता, मासा राजाचा होता, आणि ओढ्याकाठी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांच्या वाट्याला स्थलांतर आले. ओढा राखण्याची ही एक रीत झाली. काठचा माणूस हलवायचा आणि चौकीदार नेमायचा. दुसरी रीत आहे की नाही?

ती पाहायला काश्मीरला जावे लागत नाही. आपल्याच विदर्भाच्या पूर्व टोकाला, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत ती कित्येक शतके चालू होती. तेथे सहासात हजार जुने तलाव आहेत. आज त्यांना मालगुजारी तलाव म्हणतात, पण ते मालगुजारांच्या आधीचे आहेत. गोंड राजांच्या काळात, जो तलाव बांधील त्याला त्याच्या पाण्याखाली येणारी जमीन देण्याची प्रथा होती असे परंपरा सांगते. कोहळी समाजाचे लोक या विद्येत निष्णात. जमिनीचा उतार नुसत्या नजरेने ओळखून कोठे पाळ घालावी, कोठे सांडवा काढावा, हे ते जाणत. नवेगावबांधचा प्रचंड तलाव कोलू पाटील कोहळ्याने बांधला अशी तेथली आख्यायिका आहे. एका तलावाचा सांडवा खालच्या तलावात, त्याचा पुढच्या बोडीत, अशी पाण्याची साखळी असे. भात पिकवायचे तर भादव्यानंतरचे पाणी हाताशी हवे, आणि ते हे तलाव पुरवीत.

या तलावांत दोन धंदे एकत्र नांदत. पाण्यावर कोहळी आणि इतर शेतकरी भात काढीत. त्याच पाण्यात धिवर मासे धरीत. शिंगाडा आणि कमळकंद हेही त्यांच्याच हातचे पीक. शेतकऱ्याला गाळ शेतात हवा असे, धिवराला पाण्याच्या कडेचे गवत हवे असे, गुराख्याला उन्हाळ्यात पात्रातली चराई हवी असे. प्रत्येकाचा हक्क वेगळा, आणि त्यामुळे प्रत्येकाची नजर तलावावर. इंग्रजी अमदानीत मध्यप्रांतात मालगुजारी बंदोबस्त झाला तेव्हा गावोगावच्या चालीरीती ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या कागदात लिहून ठेवण्यात आल्या. मालगुजार काही देवमाणूस नव्हता. त्याची जुलूम-जबरदस्ती होती, वेठ होती, आणि ती व्यवस्था गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही. पण तलाव फुटला तर त्याचाही भात बुडत असे, म्हणून पाळीवर माती टाकायला तो गाव बाहेर काढी.

येथे आपल्या वऱ्हाडचा फरक ध्यानात घेतला पाहिजे. बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ हा मुलूख १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला, आणि येथे मालगुजारी नव्हे तर रयतवारी पद्धत बसली. काळी कपाशीची जमीन, विहिरीचे पाणी, प्रत्येक खातेदार स्वतंत्र. त्यामुळे गावाने मिळून तलाव राखण्याची तशी दाट परंपरा आपल्याकडे रुजली नाही. आपल्याकडचे बहुतेक पाझर तलाव आणि लहान धरणे ही स्वातंत्र्यानंतरच्या सरकारी कामाची आणि दुष्काळी मजुरीची देणगी आहे. ज्यांनी घमेली उचलली त्यांना मजुरी मिळाली. पाण्यावर हक्क मिळाला तो क्वचितच.

पूर्व विदर्भात ३१ मार्च १९५१ या दिवशी मालगुजारी संपली. मध्यप्रदेश सरकारच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारांचे हक्क सरकारजमा झाले, आणि त्याबरोबर तलावही सरकारी झाले. जमीनदारी जाणे ही न्यायाचीच गोष्ट होती. परंतु त्या न्यायात एक फट राहून गेली. मालगुजार गेला, त्याच्या जागी गाव आले नाही, खाते आले. पुढे १९५६ साली राज्य बदलले, १९६० साली महाराष्ट्र झाला, १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या. लहान तलाव एका कचेरीकडे, मोठे दुसऱ्या कचेरीकडे, आणि त्यातला मासा तिसऱ्या खात्याकडे गेला. पाळीवर बाभळी वाढल्या, पात्रात गाळ साचला, येणाऱ्या ओढ्यांवर अतिक्रमणे झाली. शेतकरी म्हणे, आता सरकार पाहील. सरकारजवळ इतक्या तलावांना पुरेल एवढा माणूस नव्हता आणि पैसाही नव्हता. कारखान्यात ज्या यंत्राला नेमलेला माणूस नसतो ते यंत्र सर्वांत आधी गंजते, तसेच झाले.

याच सुमारास माशांच्या शेतीत एक मोठी क्रांती झाली. रोहू, कटला आणि मृगळ हे आपले मोठे मासे साचलेल्या तळ्यात वाढतात, पण वितात ते पावसाळ्यात फुगलेल्या नदीच्या वाहत्या पाण्यात. ट्राउट थंडीत ओढा चढतो, रोहू पावसाळ्यात पूर शोधतो. हवामान निराळे, पण तळ्यातल्या माशाला वाहते पाणी हवे हा नियम दोघांना सारखाच. त्यामुळे तलावात सोडण्यासाठी मत्स्यबीज बंगाल-बिहारच्या नद्यांतून धरून, भांड्यांत भरून आगगाडीने आणावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हीरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूजवळच्या ग्रंथीचा अर्क टोचून या माशांची वीण साचलेल्या पाण्यात घडवून आणली. आज आपण ताटात जो रोहू खातो त्यामागे हा शोध आहे, आणि म्हणूनच १० जुलै हा देशात मत्स्यशेतकऱ्यांचा दिवस म्हणून पाळतात. त्याच काळात बाहेरचे मासेही आले. १९५७ साली बँकॉकहून सायप्रिनस आला, १९५९ साली हाँगकाँगहून गवत्या आणि जपानहून चंदेरा. तिलापिया त्याआधीच, १९५२ साली आला होता.

या शोधाने देशाला स्वस्त प्रथिन दिले, हे मी पूर्ण आदराने सांगतो. मजुराच्या ताटात मासा आला तो असाच. पण जुन्या तलावांत त्याचा एक दुष्परिणामही झाला. बीज बाहेरून विकत मिळू लागले, तेव्हा तलावाने स्वतः मासा जन्माला घालावा याची गरज उरली नाही. गवत्या नावाप्रमाणे पाणवनस्पती खाई. आपला मरळ मात्र गवतातच घरटे करतो. नर-मादी पिलांवर पहारा देतात, आणि पिले मोठी होईपर्यंत त्यांना आडोसा लागतो तो पाणगवताचाच. देवधानासारखी गवते, कमळे आणि पाण्याखालचे शेवाळ कमी झाले, त्यांच्या जागी काठाने बेशरमचे रान माजले, आणि मरळ, शिंगी, मागूर हे देशी मासे हळूहळू विरळ झाले. वर्षातून एकदा बोटुकली सोडायची आणि एकदा जाळे ओढायचे, असा तलावाचा कारखाना झाला. कारखान्याला कच्चा माल लागतो, आणि कच्च्या मालाला पैसा. ज्या धिवराकडे पैसा नव्हता त्याच्या सहकारी संस्थेत पैसेवाला मागच्या दाराने शिरला.

ही गोष्ट मी ऐकीव सांगत नाही. संघटनेच्या कामात मी अशा संस्था पाहिल्या आहेत की ज्यांच्या कागदावर शंभर मच्छीमारांची नावे आहेत, आणि हिशेबाची वही मात्र एका ठेकेदाराच्या कपाटात. सभासद जाळे ओढतो आणि रोजंदारी घेतो. त्याला विचारले, तलाव कोणाचा, तर तो ठेकेदाराचे नाव सांगतो. असा माणूस ओढ्यावर माती टाकणाऱ्याशी भांडायला कशाला जाईल? पावसाळ्यात वीण चालू असताना जाळे टाकू नये हे त्याला आपल्यापेक्षा चांगले कळते. पण पुढल्या वर्षीचा मासा आपला असेल याची खात्री नसेल तर यंदाचे पिलू कोण सोडून देतो?

आता याच्या उलट घडलेले पाहा. गेल्या काही वर्षांत गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव भागात धिवर स्त्रीपुरुषांनी, अभ्यासक कार्यकर्त्यांच्या सोबतीने, काही तलाव पुन्हा हाती घेतले. उन्हाळ्यात पात्र उघडे पडले की बेशरम मुळासकट उपटायची, तळाची माती नांगरून मोकळी करायची, आणि पावसाच्या तोंडावर दुसऱ्या तलावांतून आणलेल्या देशी पाणवनस्पती लावायच्या. विणीच्या दिवसांत जाळे बंद ठेवायचे. या कामात बायका पुढे होत्या, कारण कोणती वनस्पती कोणत्या खोलीवर येते हे शिंगाडे आणि कंद काढणाऱ्या हातांना ठाऊक होते. गवत आले तसे देशी मासे परतले, आणि पाखरेही आली. तेथे ओढ्याकाठचा माणूस हलवला नाही. त्यालाच राखणदार केला, आणि तोच तलावाचा वाटेकरी असल्याने त्याला राखण्याचा पगार मासा देऊ लागला. २००६ च्या वनहक्क कायद्यानेही जंगलपट्ट्यातील समाजांचा जलाशयांतल्या माशांवरचा सामुदायिक हक्क मान्य केला आहे.

आता हा सगळा हिशेब आपल्या घरच्या तळ्याला लावून पाहू. तुम्ही म्हणाल, लोणारला मासा कोठे आहे? पूर्वापार नव्हता, आणि म्हणूनच ते पाहायचे. उल्केच्या आघाताने बसाल्टात झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर. आघाताचा भक्कम शास्त्रीय पुरावा १९७३ साली जगापुढे आला. पाणी खारे आणि क्षारधर्मी. शुद्ध पाण्याचा सामू सात, समुद्राचा आठाच्या आसपास, लोणारचा दहाच्या घरात. अशा पाण्यात माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडत नाही, आणि मासा स्वतःच्याच विषाने मरतो. पूर्व आफ्रिकेत मगादी नावाचे असेच सोड्याचे सरोवर आहे; तेथे एक लहान मासा झऱ्यांच्या काठाने जगतो, कारण तो अमोनियाऐवजी युरिया टाकायला शिकला. पण लोणारच्या खाऱ्या पाण्याचे धनी सूक्ष्मजीव आणि शेवाळ. गोडे पाणी येते ते धार, रामगया, सीतान्हाणी अशा झऱ्यांतून. बाहेर जायला या तळ्याला वाटच नाही. येते ते सगळे आतच राहते. पाणी उडून जाते, बाकीचे साठते.

याच साठवणीवर माणसे शतकानुशतके पोट भरीत. ‘ऐन-इ-अकबरी’त वऱ्हाडच्या वर्णनात काच आणि साबण यांना लागणारा माल येथे मिळतो आणि त्याचा महसूल येतो अशी नोंद आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की मजूर चिखलात उतरून क्षार गोळा करीत. त्यांच्या भाषेत त्या क्षारांना वेगवेगळी नावे होती: दल्ला, निमक-दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की. ज्याला वेगळे नाव आहे त्याचा वेगळा भाव असतो, हे बाजारात बसलेल्याला सांगायला नको. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हे तळे पाहिले. तेव्हापासून आजपर्यंत त्याच्यावर शास्त्रज्ञांनी पुष्कळ लिहिले. चिखलात उतरणाऱ्यांची नावे मात्र एकाही अहवालात मला सापडली नाहीत. पुढे सोड्याचा धंदा बंद झाला, आणि तळ्यावर ज्यांचे पोट होते असे लोकही पांगले.

मग तळ्याकडे पाहणारे उरले ते यात्रेकरू, शास्त्रज्ञ आणि प्रवासी. २००० साली अभयारण्य झाले. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा देशभर बातमी गाजली. पाणी आटून खारटपणा वाढल्याने क्षारप्रिय सूक्ष्मजीव फोफावले, असे तपासणीत निघाले. त्याच वर्षी रामसर यादीत लोणारचे नाव गेले. पण ज्या गोष्टीने तळ्याची प्रकृती खरोखर बिघडते ती कोणत्याही यादीत जात नाही. ती म्हणजे वरच्या गावाचे सांडपाणी, धुण्याचा साबण, शेतातले खत. हा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे वर्षानुवर्षे चालत राहिला. विवराच्या उतारावर वेडी बाभूळ माजली ती काढण्याची कामेही न्यायालयाच्या दट्ट्याने निघाली. न्यायमूर्तींनी लक्ष घातले हे आपले भाग्य; पण गटार कोठे सोडावे हे ठरवायला नागपूरपर्यंत जावे लागावे, ही भाग्याची गोष्ट नव्हे. धिवराच्या तलावात कोणी सांडपाणी सोडले असते तर त्याच संध्याकाळी पाळीवर भांडण झाले असते. लोणारच्या सूक्ष्मजीवांच्या बाजूने पाळीवर भांडायला कोण उभे राहणार?

आपल्या जिल्ह्याला आणखी एका गोष्टीचा अभिमान आहे. महामार्गांची कामे निघाली तेव्हा तलाव आणि नाल्यांतला गाळ-मुरूम उचलून रस्त्याच्या भरावाला वापरायचा आणि त्या खोदाईत पाणी साठवायचे, ही रीत ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून देशात गाजली. २०१७ पासून गाळमुक्त धरणाची सरकारी योजनाही चालली. पाणीसाठा वाढला, विहिरींना पाझर आला, हे चांगलेच झाले. पण यंत्राने खोदलेला खड्डा आणि तळे यांत फरक आहे. तळ्याला उथळ काठ लागतो, कारण पाणगवत तेथेच रुजते आणि पिले तेथेच लपतात. सरळ उभ्या कडांच्या खड्ड्यात पाणी मावते, वीण मावत नाही. आणि वरचा ओढा जर उघडाबोडका राहिला तर काढलेला गाळ पुन्हा त्याच वाटेने परत येतो. अर्धी मजुरी पाण्यात गेली, असे येथे शब्दशः म्हणावे लागेल.

तेव्हा करायचे काय? मी संघटनेचा माणूस, मागण्या मांडल्याशिवाय बसणे मला जमत नाही. गाळ काढताना तलावाची एक बाजू उताराची आणि उथळ ठेवावी. तलावाला मिळणाऱ्या ओढ्याच्या दोन्ही काठांना झाडांची पट्टी राखावी, आणि तिची जबाबदारी नावानिशी कोणावर तरी असावी. पहिल्या पावसापासून वीण संपेपर्यंत जाळे बंद असावे, आणि त्या दिवसांत मच्छीमाराच्या घरची चूल कशी पेटेल याची तजवीज त्याच ठरावात असावी. पोट उपाशी ठेवून नियम पाळा असे सांगणाऱ्याचा नियम कोणी पाळत नाही. सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारणे १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे, तो कागदावरून काठावर यावा. ठेका द्यायचा तो प्रत्यक्ष जाळे ओढणाऱ्यांच्या संस्थेला, पुरेशा मुदतीचा, आणि तिचा हिशेब दरवर्षी ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा. ज्या हिशेबाचे जाहीर वाचन होते तो कपाटात फार दिवस दडत नाही.

आणि शहरात राहणाऱ्या आपणा सर्वांसाठी एक शेवटची गोष्ट. आपण तलावावर जातो ते सुटीच्या दिवशी, आणि पाणी घाण दिसले की गावकऱ्यांना नावे ठेवतो. पण ओढा डोंगरात जसा सुरू होतो तसा तो आपल्या मोरीतही सुरू होतो. आपल्या गल्लीचे गटार कोणत्या नाल्याला मिळते, तो नाला कोणत्या नदीला, आणि त्या नदीवर कोणाचे जाळे पडते, एवढे जरी प्रत्येकाने उद्या सकाळी शोधून काढले तरी आजचे व्याख्यान वाया गेले नाही असे मी समजेन. नगरपालिकेच्या पुढच्या सभेत तो प्रश्न विचारायला मी येणार आहे. तुम्हीही या.